मिठाचं भाडं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



या भाषणासाठी विषय कोणता घेता, असं कार्यक्रम अधिकारी बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘मिठाचं भाडं.’’ पलीकडे थोडी शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, ‘‘कवितेचं नाव आहे का?’’ म्हटलं, ‘‘नाही हो. ट्रकचं भाडं. टनाला किती रुपये, ते.’’ कवीनं भाड्यावर बोलावं याचं त्यांना नवल वाटलं असणार. पण श्रोतेहो, माझ्या चार छोट्या संग्रहांतल्या कवितांपेक्षा या एका भाड्यानं मला शब्दांबद्दल अधिक शिकवलं. म्हणून आज तेच सांगतो.

आमचं घर पेणचं. माझे आजोबा मिठागरातलं मीठ बैलगाडीतून बाजारात पोचवायचे. अब्बांनी १९७८ साली एक जुना ट्रक घेतला. थोरल्या भावानं त्या एका ट्रकाचे आठ केले. मी मात्र बीए झालो, नगरपालिकेत कारकून म्हणून लागलो आणि कविता लिहू लागलो. घरात ग्रॅज्युएट मी एकटाच. त्यामुळं घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यासमोर यायचा. विजेच्या खात्याची नोटीस असो, विम्याचं पत्र असो वा आरटीओचा फॉर्म असो, भाई म्हणायचा, ‘‘कवी, हे काय लिहिलंय बघ जरा.’’

मिठाच्या वाहतुकीबद्दल आधी थोडं सांगायला हवं. मीठ ही अत्यंत स्वस्त वस्तू आहे. आगरात किंवा रणात ढीग पडलेला असतो तेव्हा तर ते मातीमोल असतं. त्याला किंमत येते ती वाटेमुळं. जिथं पिकतं तिथून जिथं लागतं तिथपर्यंत ते न्यायचं, या कामाचा खर्च मिठाच्या मूळ किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो. मीठ स्वस्त आणि वाट महाग, असा हा धंदा आहे.

हे आजचं नाही. कोकणातलं मीठ शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर गेलं. ते नेणारे लमाण. लमाण हा शब्दच मुळी ‘लवण’वरून आला, असं मानणारे अभ्यासक आहेत. म्हणजे मीठ वाहण्याच्या कामानं एका अख्ख्या समाजाला नाव दिलं. मिठाच्या वाटेचा हिशेब राजेही करत. १६७१ साली शिवाजी महाराजांनी आपल्या सरसुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडं वळतील आणि आपल्या मुलखातलं संगमेश्वरचं मीठ पडून राहील, हे ओळखून त्यांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो कागद वाचताना मला नेहमी वाटतं, या माणसाला मिठाचं भाडं कळत होतं.

पुढं १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली आणि बैलांचे तांडे हळूहळू थांबले. इंग्रजांनी मिठावर कर बसवला. तो वसूल करण्यासाठी त्यांनी देशाच्या मध्यातून हजारो मैलांची जकातरेषा आखली आणि तिच्यावर कित्येक ठिकाणी काटेरी झाडांचं कुंपण वाढवलं. ती रेषा १८७९ साली मोडली, पण कर राहिला. १९३० साली धारासणाला, आमच्या कोकणात शिरोड्याला आणि मुंबईत वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. तो कर गेला १९४७ साली. भाडं मात्र कधीच गेलं नाही. जाणार तरी कसं?

आता आमच्या घराकडं येतो. गोष्ट २०१२ सालची. रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्याला मीठ हवं होतं. मीठ म्हटलं की आपल्याला डाळ-भाजी आठवते. पण देशात खाण्यासाठी लागतं त्याहून जास्त मीठ कारखाने खातात. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एकीकडं कॉस्टिक सोडा मिळतो आणि दुसरीकडं क्लोरिन. साबण, कागद, कापड, औषधं, पाणी शुद्ध करण्याची पावडर या सगळ्यांच्या मुळाशी तेच. एक टन कॉस्टिक सोड्याला सुमारे दीड टन मीठ लागतं. एवढं मीठ आमच्या पेण-उरणच्या आटत चाललेल्या आगरांतून निघणं शक्य नव्हतं. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकतं. तेव्हा ते कच्छच्या लहान रणाच्या काठावरून, खाराघोड्याकडून आणायचं होतं. जाऊन-येऊन तेराशे किलोमीटर. महिन्याला साडेसहाशे टनांच्या आसपास. करार तीन वर्षांचा.

भाईला ही संधी फार मोठी वाटली, आणि ती होतीच. ट्रकवाल्याचं आयुष्य म्हणजे रोजचा बाजार. आज भाडं आहे, उद्या नाही. ट्रान्सपोर्ट नगरात टपरीवर बसायचं, दलालाच्या फोनची वाट बघायची, बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला चुकवायचा नाही. अशा माणसाला कुणी म्हणालं की तीन वर्षं दर महिन्याला चाळीस खेपा पक्क्या, तर त्याला झोपच येत नाही. टेंडर भरलं. आमच्याहून मोठ्या दोघांनीही भरलं होतं. भाईचा दर सर्वांत कमी निघाला. तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटला. एवढे मोठे लोक भाईसारखा दर का देऊ शकले नाहीत, हा प्रश्न कुणाच्याच मनात आला नाही.

कराराचा मसुदा आला तेव्हा रमजान चालू होता. रात्रीची तरावीहची नमाज आटोपून मी, भाई आणि आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर तात्या ओट्यावर बसलो. तात्या आगरी समाजाचे. त्यांचे वडील मिठागरात होते आणि आजोबांच्या बैलगाडीत मीठ भरायचे. भाभीनं चहा आणला. चौदा पानांचा इंग्रजी कागद. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागलो.

घटीचं कलम आलं. मीठ वाटेत पाणी सोडतं, वजन कमी होतं. अर्ध्या टक्क्यापर्यंतची घट मान्य, त्यापुढची वाहतूकदाराच्या बिलातून कापणार. तात्या म्हणाले, ‘‘पावसाळ्यात जड जाईल. पण ताडपत्री नीट बांधली तर जमेल.’’ पैसे साठ दिवसांनी मिळणार. भाईनं बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. गाडी वेळेत पोचली नाही तर दंड. तोही मान्य.

मग दराचं कलम आलं. तीन वर्षांच्या कालावधीत दर ‘फर्म’ राहतील, असं लिहिलं होतं. श्रोतेहो, मला तो शब्द आवडला. फर्म म्हणजे ठाम, पक्का, न हलणारा. मी अगदी खुशीत सांगितलं, ‘‘भाई, तीन वर्षं दर पक्का. कुणी एक पैसा कमी करू शकणार नाही!’’

भाईनं विचारलं, ‘‘आणि डिझेलचं काय लिहिलंय?’’

मी चौदा पानं पुन्हा चाळली. म्हणालो, ‘‘डिझेलचं काहीच लिहिलेलं नाही.’’

‘‘मग बरंय,’’ भाई म्हणाला.

हे ‘मग बरंय’ मला पुढं तीन वर्षं ऐकू येत राहिलं. भाईचं चुकलं नव्हतं. तो ज्या बाजारात वाढला तिथं डिझेलचं काही लिहायचं नसतंच. डिझेल वाढलं की दुसऱ्या दिवशी दलाल स्वतःहून फोन करतो, ‘शेठ, आजपासून टनाला पन्नास जास्त.’ तोंडी व्यवहारात जे बोललं जात नाही ते रिवाजानं ठरतं. म्हणून लिहिलेलं नाही म्हणजे ते आपोआप होईल, असा त्यानं अर्थ लावला. कागदाच्या जगात मात्र जे लिहिलेलं नाही ते नसतंच. हा फरक त्या ओट्यावर फक्त एकाच माणसाला माहीत असायला हवा होता. जो रोज कचेरीत बसून लोकांना सांगायचा, ‘तसा उल्लेख नियमात नाही,’ त्याला. म्हणजे मला. पण मी त्या रात्री एका शब्दाच्या प्रेमात पडलो होतो.

सही झाली. एक ऑगस्टला पहिली गाडी सुटली. भाईनं गल्लीत पेढे वाटले.

सहा आठवडे गेले. सप्टेंबरचा मध्य. गणपती चार-पाच दिवसांवर आले होते आणि पेणहून मूर्तींच्या शेवटच्या गाड्या निघत होत्या. १३ सप्टेंबर २०१२ च्या रात्री टीव्हीवर बातमी आली, डिझेल लिटरला पाच रुपयांनी महाग. मी ती कारकुनासारखी ऐकली आणि विसरलो. सकाळी भाई दारात उभा. ‘‘कंपनीला पत्र लिहायचं. दर वाढवून मागू.’’ मी मसुदा पुन्हा काढला. आणि मग तो शब्द दिसला. फर्म. रात्रीतून त्याचा अर्थ बदलला होता. कुणी एक पैसा कमी करू शकणार नव्हतं हे खरं. कुणी एक पैसा वाढवणारही नव्हतं.

हिशेब सोपा आहे. दहा चाकी ट्रक, पाठीवर सोळा टन. जाऊन-येऊन तेराशे किलोमीटरना सव्वातीनशे लिटर डिझेल. लिटरला पाच रुपये म्हणजे खेपेला सोळाशे. चाळीस खेपांचे महिन्याला पासष्ट हजार. ज्या दरानं टेंडर मिळालं होतं त्यात भाईला महिन्याला एवढेच सुटायचे. म्हणजे सहा आठवड्यांत नफा संपला आणि करार अजून दोन वर्षं साडेदहा महिने बाकी होता.

मग जानेवारी २०१३ मध्ये सरकारनं नवीन धोरण आणलं. डिझेलचा तोटा भरून येईपर्यंत दर महिन्याला थोडी थोडी वाढ करायची, सुमारे पन्नास पैसे. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सामान्य माणसाला याची झळ जाणवणार नाही. आमच्या घरात भाभीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर महिन्याला तो आकडा लिहायला सुरुवात केली. गॅस सिलिंडर आल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि डिझेलचे पन्नास पैसे, एकाच पानावर. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत लिटरमागं आणखी सुमारे बारा रुपये वाढले. खेपेमागं साडेपाच हजारांचा फरक पडला होता.

डिझेलच्या जोडीला मीठही होतं. मिठाच्या गाडीला लागणारा गंज कधी बघितलाय तुम्ही? कच्च्या मिठाला हवेतला ओलावा ओढून घ्यायची सवय असते. ते पाझरतं. हौद्याच्या पत्र्यातून थेंब थेंब चेसिसवर पडतं, कमानींच्या पाट्यांत शिरतं, ब्रेकच्या नळ्या खातं. तात्या प्रत्येक खेपेनंतर गाडी धुवायला लावायचे, तळाला जळकं ऑइल चोपडायचे, हौद्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचे. तरी दुसऱ्या पावसाळ्यात एका गाडीच्या फाळक्याची बिजागरी हातात आली. तात्या म्हणाले, ‘‘सिमेंटची गाडी दहा वर्षं चालते. मिठाची पाच. मीठ कुणालाच सोडत नाही.’’

फेब्रुवारी २०१३ मध्ये मी चार दिवसांची रजा टाकली आणि तात्यांच्या गाडीत बसून खाराघोड्याला गेलो. कशासाठी, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. घरात बसून कॅलेंडरवरचे आकडे बघवत नव्हते, एवढंच. घोडबंदर, मनोर, तलासरीचं नाकं, वापी. भरूचजवळ नर्मदेच्या जुन्या पुलाआधी ट्रकांची मैलोगणती रांग लागलेली. नवा पूल व्हायला अजून चार वर्षं होती. तात्यांनी इंजिन बंद केलं, स्टोव्ह काढला आणि रस्त्याच्या कडेला खिचडी टाकली. म्हणाले, ‘‘इथं उभं राहायचंही डिझेल जातं. फक्त गाडीचं नाही, माणसाचं पण.’’

विरमगाम गेलं आणि जमीन पांढरी व्हायला लागली. खाराघोड्याला मिठाचे गंज डोंगरासारखे उभे असतात. पण मीठ पिकतं ते त्याच्या पलीकडं, रणात. एका ओळखीच्या मुकादमाबरोबर आम्ही आत गेलो. झाड नाही, सावली नाही. कोकणात आम्ही भरतीचं पाणी आगरात घेतो. तिथं समुद्र जवळ नाही, जमिनीखालचं खारं पाणी विहिरीतून उपसावं लागतं. आगरिया कुटुंबं पाऊस ओसरला की रणात उतरतात आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथंच झोपडी करून राहतात. वाफ्यात पाणी सोडायचं, मोठ्या दाताळ्यानं ते दिवसच्या दिवस ओढत राहायचं, म्हणजे मिठाचे टपोरे खडे धरतात. अनवाणी पायांनी, खाऱ्या पाण्यात. आगरिया मेला की चितेवर त्याचे पाय जळत नाहीत, इतके ते मिठानं ताठ झालेले असतात, असं तिकडं सांगतात.

त्या सगळ्या शांततेत एकच आवाज होता. धक धक धक. पंपाचं इंजिन. झोपडीबाहेर एक बाई पत्र्याच्या डब्यातून त्यात काहीतरी ओतत होती. वासावरून मी ओळखलं. डिझेल.

मुकादमाच्या मदतीनं मी तिला विचारलं. मोसम सुरू व्हायच्या आधी त्यांनी व्यापाऱ्याकडून उचल घेतली होती. त्यातून पंपाचं डिझेल, सहा महिन्यांचं धान्य. आणि उचल देतानाच व्यापाऱ्यानं मिठाचा टनाचा भाव ठरवून टाकला होता. त्यांच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा डिझेलचा. डिझेल वाढलं तर भाव वाढतो का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती हसली. मुकादमाला ते भाषांतर करावं लागलं नाही.

मी परत गाडीत येऊन बसलो. माझ्या भावाला निदान चौदा पानांचा कागद मिळाला होता. तो वाचायला चुकीचा का होईना, एक बीए होता. या बाईचा दरही ‘फर्म’ होता, पण तो शब्द कुठं लिहिलेलाही नव्हता. मीठ पिकवणाराचा भाव ठरलेला, मीठ वाहणाराचा भाव ठरलेला, आणि दोघांच्या मधे दर महिन्याला वाढणारं डिझेल. पुढं काही वर्षांनी सरकारी अनुदानावरचे सौरपंप त्या रणात पोचले. ते वाचलं तेव्हा मला ती बाई आठवली. तिच्या झोपडीपर्यंत पोचला असेल तर तिचा डबा तरी सुटला असेल.

त्या जूनमध्ये मी भाईबरोबर कारखान्यात गेलो. दर वाढवून मिळावा म्हणून मी एक पत्र लिहिलं होतं. आठ दिवस खपून लिहिलं होतं. इंग्रजी आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडून तपासून घेतलं. त्यात डिझेलचे तारीखवार आकडे होते, गंजलेल्या गाड्यांची हकीकत होती, आणि शेवटी, कवीचा दोष म्हणा, खाल्ल्या मिठाला जागण्याबद्दलही दोन ओळी होत्या. तिथले अधिकारी सज्जन होते. त्यांनी चहा दिला, पत्र पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘‘पत्र फार चांगलं लिहिलंय तुम्ही. मला पटतंय. पण वरून मंजुरी घ्यायची तर मला कलमाचा क्रमांक लिहावा लागतो. कोणत्या कलमाखाली लिहू?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी स्वतः वीस वर्षं लोकांना हेच विचारत आलो होतो. खिडकीच्या त्या बाजूला उभं राहायची ही पहिलीच वेळ.

बाहेर आल्यावर मी भाईला म्हणालो, ‘‘करार सोडून दे. अनामत जाईल ती जाऊ दे.’’ तो म्हणाला, ‘‘आठ गाड्या परत टपरीवर नेऊन उभ्या करू? आणि तीन वर्षं म्हणून सही केलीय. उद्या कोण आपल्याला काम देईल?’’ त्यानं हायवेजवळची पाच गुंठे जागा विकली. तिथं तो घर बांधणार होता. परतीच्या वाटेवर रिकामी गाडी न्यायची नाही, म्हणून इथून गुजरातकडं जाणारा मिळेल तो माल घेऊ लागला. भंगार, खोकी, एकदा तर लग्नाच्या मंडपाचं सामान. अशा रीतीनं त्यानं तीन वर्षं पुरी केली. एकही खेप बुडवली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रण उठलं. जगभर तेल उतरलं आणि शेवटचे काही महिने श्वास घेता आला.

या सगळ्या काळात भाई मला एका शब्दानं बोलला नाही. मीच एकदा न राहवून म्हणालो, ‘‘भाई, माझ्यामुळं झालं.’’ तो हौद्यावर ताडपत्री ओढत होता. म्हणाला, ‘‘तू लिहिलं होतं तेच वाचलंस. बरोबरच वाचलंस.’’ त्यानं मला धीर देण्यासाठी म्हटलं होतं. पण कवितेवर झालेली कुठलीही टीका मला इतकी लागली नाही.

२०१५ साली पुन्हा टेंडर निघालं. या वेळी मसुदा आला तेव्हा मी तो तीन रात्री वाचला. जे लिहिलंय ते एकदा, आणि जे लिहिलेलं नाही ते दोनदा. वहीत दोन रकाने केले. दुसऱ्या रकान्यात पहिला शब्द लिहिला, डिझेल. आम्ही कंपनीला कळवलं, दर वाढलेला चालणार नाही तर नको, पण डिझेलचं कलम घाला. थोडी ओढाताण झाली. मग त्यांनी घातलं. कदाचित त्या सज्जन अधिकाऱ्यानं आमची तीन वर्षं बघितली होती म्हणून.

हे कलम कसं असतं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. करार होतो त्या दिवशीचा डिझेलचा भाव पायाभूत धरायचा. भाड्यात डिझेलचा वाटा किती, ते ठरवायचं. समजा निम्मा. मग डिझेल दहा टक्के वाढलं तर भाडं पाच टक्के वाढतं. आणि डिझेल दहा टक्के उतरलं तर भाडंही पाच टक्के उतरतं. हे दुसरं वाक्य मी ओट्यावर दोनदा वाचून दाखवलं. झालंही तसंच. २०१६ च्या सुरुवातीला डिझेल खाली आलं आणि आमचं भाडं कापलं गेलं. भाई हसून म्हणाला, ‘‘कवी, तुझं कलम दोन्ही बाजूंनी कापतं.’’ मी म्हणालो, ‘‘म्हणूनच ते न्यायाचं आहे.’’ आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं लिटरला शंभर रुपये ओलांडले, त्या महिन्यात आमच्या शेजारच्या दोन ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या. भाईच्या गाड्या चालत होत्या.

आता धंदा पुतण्या बघतो. तो बीकॉम आहे. तात्या थकले, मुलाकडं उरणला राहतात. भाई संध्याकाळी ओट्यावर बसतो. पायाभूत भाव, वाटा, टक्के हे शब्द आता त्याच्या तोंडात सहज येतात.

आमची आजी सांगायची, घरात खजूर नसेल तेव्हा मिठाच्या खड्यानं रोजा सोडावा. मीठ गरिबाला परवडतं, म्हणायची. परवडतं, कारण ते पिकवणारानं आणि वाहून आणणारानं आपापला वाटा थोडा कमी करून घेतलेला असतो. अर्थात हे मला चौदा पानं चुकीची वाचल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात पुतण्या नवा करार घेऊन आला. ‘‘चाचा, मी वाचलाय. सगळं ठीक आहे. तुम्ही फक्त एकदा नजर टाका.’’ मी चष्मा लावला, वहीत दोन रकाने आखले आणि म्हटलं, ‘‘बस. यात काय काय लिहिलेलं नाही, ते आधी सांग.’’